पहाटेच्या पट्ट्यातलं पाणी

शनिवारी दुपारी तीन वाजता बोरीवलीत, बाभईतल्या एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, धामापूरकर कुळाच्या चौदा पिढ्या पुठ्ठ्याच्या बावीस खोक्यांत भरून पडल्या होत्या. त्यामुळे कुळातल्या हयात मंडळींना बाथरूमला जायचं तर भिंतीला पाठ घासत जावं लागत होतं.

श्यामसुंदरला त्याचं काही वाटत नव्हतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं त्याने या पुस्तकाला दिली होती. 'धामापूरकर कुलवृत्तांत, आवृत्ती दुसरी.' पानं चारशे बारा, माणसं अकराशे चाळीस, हयात आणि कैलासवासी मिळून. प्रत्येकाचं नाव, जन्म, शिक्षण, नोकरी आणि स्वभाव. स्वभावाचा रकाना भरताना त्याने लेखणी फार जपून चालवली होती. सबंध पुस्तकात तापट माणूस एकही नव्हता. 'स्पष्टवक्ते' मात्र एकशे सहा होते.

उद्या वझिरा नाक्याजवळच्या कार्यालयात कुलसंमेलन होतं. त्यात पुस्तकाचं प्रकाशन, आणि प्रकाशनानंतर श्यामसुंदरच्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा, सत्कार. विवाहित मुली सासरच्या कुळात जमा होतात, हा नियम मोडायला कुलमंडळ तयार नव्हतं. पण कुंदाने लग्नच केलं नसल्यामुळे ती अठ्ठावन्नाव्या वर्षीही निर्विवाद धामापूरकर राहिली होती, आणि पान दोनशे अठरावर तिला अर्धं पान मिळालं होतं. फोटो धरून.

छत्तीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथल्या हवेत काय काय आहे, ते उपग्रहावरच्या उपकरणात शिरणाऱ्या उजेडावरून ओळखायचं. आधी पृथ्वीचीच हवा, ओझोन वगैरे. मग मंगळावरची धूळ. आणि गेली सोळा वर्षं शुक्र, एका परदेशी यानावर बसवलेल्या उपकरणातून. धामापूरकरांनी या कामाचा आपापल्या परीने मान राखला होता. पाऊस लांबला की चिपळूणहून तिला फोन जायचा. शुक्रावरचा तिचा शोध जाहीर झाला तेव्हा तीन घरांतून मुलामुलींच्या पत्रिका अहमदाबादला पोचल्या होत्या. तिन्हींत शुक्र सप्तमात होता. पेपरात मथळा आला होता, 'शुक्रावर पहाटे दव!' दव नाही, वाफ आहे, आणि तीसुद्धा अगदी नावाला, असं कुंदाने सगळ्यांना सांगून पाहिलं. पण तोवर दव कुळात मुरलं होतं.

कुंदा सकाळच्या गाडीने आली होती. जेवली, भांडी विसळायला लागली, वहिनीने हात धरून बाहेर काढली. मग ती एका खोक्यावर बसली आणि चहाचा कप रिकामा केला.

"दादा, पान दोनशे अठरा चुकलंय," ती म्हणाली.

श्यामसुंदरने लगेच एक प्रत ओढली. "काय झालं? काना राहिला?"

"काना नाही. पाणी नाहीये."

"सकाळीच टाकी भरलीय," स्वयंपाकघरातून अनुपमा ओरडली. "कॉक फिरवा जरा."

"शुक्रावर, वहिनी," कुंदा म्हणाली. "पहाटेच्या पट्ट्यात. जे आहे म्हणून मी अकरा वर्षं सांगत आले. ते नाहीये."

श्यामसुंदरचा मुलगा अनय खोकी मोजत होता. अकरा की बारा हे तो विसरला. श्यामसुंदर मात्र अजून हसतच होता. पाणी काल होतं आणि आज नाही, हे त्याला काही नवीन नव्हतं. "म्हणजे आटलं?"

"नव्हतंच कधी."

"मग तुला दिसलं कसं?"

कुंदाने इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर अनुपमाचा वजनकाटा होता. उद्याच्या नाश्त्याचा रवा ती त्यावर मोजत होती. "वहिनी, रवा मोजताना आधी काय करता?"

"रिकामं पातेलं ठेवते. त्याचं वजन वजा करते."

"आमचंही तेच. उपकरण स्वतः थोडं ऊबदार असतं. त्या उबेचाही उजेड त्याला दिसतो. म्हणून दर फेरीला आधी झाकण लावून अंधार मोजायचा. ते रिकामं पातेलं. मग झाकण काढून शुक्र बघायचा आणि अंधार वजा करायचा. उरलेल्या उजेडात जिथे खाच दिसते तिथला उजेड पाण्याच्या वाफेने खाल्लेला असतो. खाच जितकी खोल तितकी वाफ जास्त."

"बरं मग?"

"सुरुवातीच्या पुष्कळ फेऱ्यांचं पातेलं मोजलेलंच नव्हतं. काहींचं मोजलं होतं, पण ते पृथ्वीपर्यंत आलं नाही. मला सगळं एकसारखं, नीटनेटकं हवं होतं. मी काय केलं, होत्या तेवढ्या पातेल्यांची सरासरी काढली आणि सगळ्यांना तीच लावली. आता यान पहाटेच्या बाजूला येतं ते सगळी रात्र सावलीत काढून. उपकरण गारठलेलं असतं. पातेलं हलकं. मी वजा केलं सरासरी पातेलं, म्हणजे जड. जास्त वजा झालं, खाच खोल दिसली. तिलाच मी पाणी म्हटलं."

अनुपमाने काट्यावरचं पातेलं उचलून खाली पाहिलं, जणू तिथेही काही निघेल.

"कोणाला कळलंय?" अनयने विचारलं. तो जाहिरात कंपनीत होता. त्याचा पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा.

"अजून नाही. मासिकाला पत्र लिहिलंय, शोधनिबंध मागे घेते म्हणून. पाठवलं नाही. म्हटलं आधी दादाला सांगावं." ती भावाकडे वळली. "आणि तू शुद्धिपत्र घाल. एक चिठ्ठी, पुस्तकात सरकवायची. पूर्वी असायची तशी."

आता श्यामसुंदर उभा राहिला. पाणी गेलं ते त्याने ऐकून घेतलं होतं. हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. "माझ्या पुस्तकात शुद्धिपत्र? कुंदे, सहा वेळा मुद्रितं तपासलीयत मी. सहा वेळा! कुडाळच्या बिऱ्हाडातल्या जुळ्यांत कोण आधी जन्मलं ते सुईणीच्या नातवाला विचारून लिहिलंय."

"म्हणून तर. सगळं खरं आहे, मग मी एकटीच खोटी कशाला?"

बेल वाजली आणि त्याला उत्तर द्यावं लागलं नाही.

देवव्रत धामापूरकर म्हणजे श्यामसुंदरचा थोरला चुलतभाऊ, कुलमंडळाचा अध्यक्ष, मुक्काम मुलुंड. मुलुंडहून बोरीवलीला येणं हा एक प्रकारचा त्याग आहे, अशा चेहऱ्याने तो आत आला. हातात शाल, श्रीफळ आणि लाल मखमलीच्या पेटीतलं मानचिन्ह. "आधी हे बघ, कुंदा," तो म्हणाला आणि पेटी उघडली. पितळी तबकडीवर ग्रह कोरला होता. त्याच्याभोवती छानपैकी कडं होतं.

"देवदादा, हा शनी आहे," कुंदा म्हणाली.

"त्याच्याकडे शुक्र नव्हता. म्हणाला, लोकांना कडं असलं की ग्रह वाटतो."

मग त्याला पाण्याचं सांगण्यात आलं. देवव्रतने शाल मांडीवर घेतली, चष्मा काढला, आणि पुस्तकातल्या पहिल्या स्पष्टवक्त्याला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "एवढंच ना? पान फाडू."

"हजार प्रतींतलं?" श्यामसुंदरचा आवाज चिरकला.

"पाच पोरं बसवू. तासाभरात फाडतील."

अनयने एक प्रत उघडली, पान दोनशे अठरा काढलं आणि उलटून पाहिलं. "काका, मागे दोनशे सतरा आहे."

"मग?"

"त्यावर तुम्ही आहात."

देवव्रतने प्रत हातात घेतली. फोटो चांगला आला होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. "मग फाडायला नको," तो म्हणाला. "पुस्तक विद्रूप दिसतं."

"काय आत्या, सिंपल आहे ना," अनय कुंदासमोर खाली बसला. "उद्याचा प्रोग्राम झकास होऊन जाऊ दे. सोमवारी पत्र टाक. अकरा वर्षं कोणाला कळलं नाही, यार, दोन दिवसांनी काय वाट लागणार आहे?"

श्यामसुंदरला मुलगा पहिल्यांदाच हुशार वाटला. "हेच म्हणतो मी. एक दिवस, कुंदे."

"उद्या तू ते माईकवर वाचणार. आणि मी काय करू? मान हलवू?"

"मान नको हलवू. नुसती बस."

"नुसतं बसण्यातच अकरा वर्षं गेली, दादा."

आतल्या खोलीचं दार सकाळपासून लोटलेलं होतं. आत गंधाली होती, श्यामसुंदरची धाकटी, वय चोवीस. डोकं दुखतंय, असं तिने सकाळी सांगितलं होतं. आत्याच्या पावलावर पाऊल ठेवून ती त्याच वाटेने निघाली होती: डिसेंबर-जानेवारी तिने अहमदाबादला आत्याच्या हाताखाली काढला होता, आणि सप्टेंबरात पीएच.डी.साठी जर्मनीला जाणार होती. या प्रवेशाची बातमी पुस्तकात घेण्यासाठी श्यामसुंदरने पान दोनशे वीस छपाईच्या मशीनवरून खाली उतरवलं होतं.

त्या दाराकडे पाहून अनुपमा ओट्यापासून हलली. हाताला रवा लागलेला तसाच.

"कुंदाताई, एक विचारू? गंधालीचे ते जर्मनीतले सर, त्यांचं नाव आहे ना तुमच्या त्या निबंधावर?"

"आहे. दुसरं नाव त्यांचंच."

"म्हणजे तुम्ही त्यांनाही खोटं पाडणार. आणि सप्टेंबरात माझी मुलगी त्यांच्या दारात उभी राहणार, धामापूरकर म्हणून. ते तिला काय, ओवाळून आत घेतील?"

कुंदाचीही नजर त्या दाराकडे गेली. अनुपमा अशा वेळी थांबणारी नव्हती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नणंदेला एकही उणा शब्द बोललेला नव्हता, आणि ते सगळे शब्द जागच्या जागी शाबूत होते.

"तुमचं बरंय. तुम्ही एकट्या. तुमच्या खऱ्याखोट्याचा भार दुसऱ्या कोणावर पडत नाही असं तुम्हाला वाटतं. आणि खरंखोटं कोण शिकवतंय? अप्पांची खोटी सही करून अहमदाबादला गेलात तुम्ही. सगळ्या कुळाला माहितीय. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पहिली गोष्ट मला ही सांगितली गेली."

"अनुपमा," श्यामसुंदर म्हणाला. पण इतक्या हळू की ते बहुधा त्यालाच ऐकू गेलं.

"एक मिनिट," अनयने पुस्तक चाळलं. "इथे तर लिहिलंय, पान एकशे एकतीस, कै. दत्तात्रय गोविंद... 'मुलीच्या उच्च शिक्षणास सतत प्रोत्साहन दिले.'"

"छापायला तसंच लागतं," देवव्रत म्हणाला.

श्यामसुंदर खोक्यावर बसला. ते वाक्य त्याने लिहिलं होतं तेव्हा त्याला ते फारसं खोटं वाटलं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायचे असतात. खरं होतं ते वेगळंच. एकोणनव्वद साली मुलींच्या वसतिगृहाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, फॉर्म कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंदाने नवा फॉर्म मागवला. आणि बँकेत खातेदारांच्या सह्या पडताळायच्या टेबलावर, मधल्या सुट्टीत, डबा न उघडता, श्यामसुंदरने 'द. गो. धामापूरकर' अशी सही केली. दुसऱ्यांच्या सह्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्यात हयात गेलेल्या माणसाने केलेली ती एकुलती एक खोटी सही. फार सुरेख वठली होती.

अप्पांना वाटलं, सही कुंदाने केली. ते तिच्याशी सहा वर्षं बोलले नाहीत. सुट्टीत घरी आली की पेपर तोंडासमोर धरायचे. उद्या सांगू, असं श्यामसुंदर रोज ठरवत असे. नंतर अप्पा पुन्हा तिच्याशी बोलायला लागले आणि सांगायची गरज उरली नाही, असं त्याने स्वतःला पटवलं. कुंदाने कधी विचारलं नाही. आत्ताही ती त्याच्याकडे पाहत नव्हती. चहाच्या रिकाम्या कपात पाहत होती, आणि त्या न पाहण्याचं वजन श्यामसुंदरला पेलेना.

दार उघडलं. गंधाली बाहेर आली. डोकं दुखणाऱ्या माणसासारखी नाही, रडून झालेल्या माणसासारखी.

"आई, आत्याला नको बोलूस. ती चूक मी शोधलीय."

अनुपमाने पदराला हात पुसले. पुसतच राहिली.

"आत्याने मला जुनी मोजमापं साफ करायला दिली होती. नुसतं हमालीचं काम. मी म्हटलं, ज्या फेऱ्यांचं स्वतःचं पातेलं आहे त्यांना स्वतःचंच लावून बघू. सहज. तर पाणी गेलं. मला वाटलं मीच माती खाल्ली. बारा दिवस परत परत केलं. रोज जेवताना आत्या शेजारी बसायची, विचारायची, बरं नाही का गं तुला? आणि मी म्हणायची, मुंबईची आठवण येते."

"मुंबईची आठवण!" अनय म्हणाला. "तेव्हाच कळायला हवं होतं."

"गप रे तू." तिने नाक पुसलं. "तेराव्या दिवशी सांगितलं. आत्या रात्रभर बसली आणि सकाळी म्हणाली, बरोबर आहे तुझं. मग आम्ही दोघी फाफडा खायला गेलो. तिने दोनदा मागवला."

कुंदा पहिल्यांदा हसली. "भूक लागली होती."

"पत्रात काय लिहिलंय बघू," श्यामसुंदर म्हणाला. आपण का विचारलं ते त्याला कळलं नाही. कागद दिसला की वाचायचा, ही नऊ वर्षांची खोड.

कुंदाने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे केला. पत्र इंग्रजीत, एक पानाचं. त्याने जिभेवर शब्द घोळवत, बोट फिरवत वाचलं, मुद्रित वाचतात तसं. चूक एकच सापडली, आणि ती स्वल्पविरामाची नव्हती. "इथे म्हटलंयस, एका विद्यार्थिनीने ही त्रुटी लक्षात आणून दिली. कोण विद्यार्थिनी?"

"मीच सांगितलं नाव नको म्हणून," गंधाली म्हणाली. "बाबा, ते सर मला घेणारेत. त्यांच्या निबंधाला भोक मी पाडलं हे त्यांना पहिल्याच दिवशी कशाला कळायला हवं? नंतर सांगेन. वर्षभराने. ओळख झाली की."

"बरोबर," देवव्रत म्हणाला. या दुपारी प्रथमच त्याला कोणाचं तरी पटलं होतं. "पोरगी व्यवहारी आहे."

"मलाही पटतंय," अनुपमा हळूच म्हणाली. आवाजातला काटा गेला होता. "नाव नसलं तर काय बिघडतं? चूक तर दुरुस्त होतेय."

सगळ्यांनी कुंदाकडे पाहिलं. "तो तिचा प्रश्न आहे," कुंदा म्हणाली. "मी घालेन म्हटलं होतं, ती नको म्हणाली. ती म्हणेल ते."

श्यामसुंदरला बोलायचं होतं. अकराशे चाळीस माणसांची नावं त्याने गोळा केली होती. बाळंतपणात गेलेल्या, नावही न ठेवलेल्या पोरांसाठीसुद्धा एक ओळ सोडली होती. ज्याने केलं त्याचं नाव त्यापुढे हवं, हा त्याचा एवढा एकच धर्म उरला होता. घाल नाव, असं तो म्हणणार होता. तोंड उघडलंही. पण त्या तोंडाने हे कसं म्हणायचं, ते त्याला सुचेना. तो नुसताच लेकीकडे बघत राहिला.

गंधालीला त्या बघण्यातून काय समजलं कोण जाणे. ती आत्याच्या बाजूला, दुसऱ्या खोक्यावर बसली.

"आत्या, समजा नाव घातलं नाही. वर्षाने सांगायचं म्हटलं, तर मी खरंच सांगेन?"

"मला काय माहीत?"

"तू असतीस तर?"

कुंदाने कप हातात फिरवला. "सुरुवातीची पातेली नाहीत हे मी पहिल्या निबंधातच लिहिणार होते. तळटीप. मग वाटलं, पुढच्या निबंधात लिहू, जास्त फेऱ्या हाती आल्या की. नंतर त्या आल्या, पण तोवर तळटीप घालायला लाज वाटायला लागली. लोक विचारतील, आधी का नाही घातली?" तिने कप खाली ठेवला. "हे काही उत्तर नाही, गं. माझं असं झालं, एवढंच."

गंधालीने लॅपटॉप मांडीवर ओढला. बोटं दोनदा कीबोर्डवर टेकली आणि उचलली. "सरांनी प्रवेश रद्द केला तर?"

"तर अहमदाबादला ये. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. पातेली मोजायची पुष्कळ पडलीयत."

"आणि नाही केला तर?"

"तर चांगला माणूस आहे म्हणायचं. मला वाटतं आहे. पण ते मी सरासरीवरून सांगतेय."

अनय मोठ्याने हसला. देवव्रतला विनोद कळला नाही, पण तोही हसला.

"आई?" गंधाली म्हणाली.

अनुपमा दारात उभी होती. लेकीकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. जर्मनीला न्यायचे मसाले तिने आत्तापासून दळून डब्यांत भरायला घेतले होते. "मला नको विचारूस," ती म्हणाली. मग थोडी थांबून, "मी नको म्हणेन. म्हणून मला नको विचारूस."

गंधालीने टाईप केलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे तारीख, जानेवारीतली. मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून: ही त्रुटी हिने दाखवून दिली. निर्णय माझा होता, आणि तो चुकला. मग तिने लॅपटॉप कुंदासमोर धरला. कुंदाने चष्मा वर सरकवला, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पत्र पाठवून दिलं. एक प्रत मासिकाला, एक जर्मनीला. कुठे काही वाजलं नाही. छत्तीस वर्षांतलं सगळ्यात मोठं काम एका बोटाने मागे घेता येतं, याचं श्यामसुंदरला नवल वाटलं.

"गेलं?" देवव्रतने विचारलं.

"गेलं."

"मग उद्याच्या सत्काराचं काय? शाल आणलीय मी."

"शाल द्या ना," कुंदा म्हणाली. "थंडी आहे तिकडे अजून. भाषण नको."

"अगं पण कशाबद्दल म्हणून द्यायची?"

या प्रश्नावर दोघं बोलत राहिली. अनय पुन्हा पहिल्या खोक्यापासून मोजायला लागला. अनुपमाने कुंदाचा कप उचलला, उचलताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "बोलले ते मनावर नका घेऊ. पण सहीचं मात्र खरंच, तुम्ही तेव्हा..." आणि वाक्य पुरं न करता आत गेली. तो समेटच होता. जुन्या गोष्टीसाठी मोठ्या मनाने माफी देऊन झाल्यासारखा. कुंदाने तीसुद्धा निमूट घेतली, गेली छत्तीस वर्षं घेत आली होती तशी.

श्यामसुंदरने फोन काढला आणि कांदिवलीला छापखान्यात लावला. अंबादासने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे मशीनची धडधड चालू होती.

"बोला साहेब. खोकी पोचली ना सगळी?"

"पोचली. अंबादास, एक शुद्धिपत्र छापायचंय. हजार प्रती, अर्धं पान. उद्या सकाळी आठला कार्यालयात हवं."

पलीकडे नुसतीच धडधड. "साहेब, तुमच्या पुस्तकात? चूक?"

"दोन आहेत. लिहून घे." खोलीतलं बोलणं थांबलेलं त्याला जाणवलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "पान दोनशे अठरा, ओळ चार ते सहा रद्द. त्याऐवजी, शुक्राच्या वातावरणाचा सोळा वर्षे अभ्यास केला. पाण्याच्या वाफेबद्दलचा स्वतःचा निष्कर्ष चुकीचा आढळल्यावर तो स्वतःहून मागे घेतला. चूक दाखवून देणारी, पुतणी गंधाली, पाहा पान दोनशे वीस."

"झालं. दुसरी?"

"पान एकशे एकतीस, ओळ नऊ." तो भिंतीच्या आणखी जवळ सरकला. "'मुलीच्या उच्च शिक्षणास सतत प्रोत्साहन दिले,' हे रद्द. त्याऐवजी, मुलीच्या अहमदाबादला जाण्यास विरोध केला. वसतिगृहाच्या फॉर्मवरील त्यांची सही मुलीने केलेली नव्हती. ती सही, आणि तिच्याबद्दलचे नंतरचे मौन, दोन्ही संपादकाचे."

स्वयंपाकघरात नळ चालू होता तो बंद झाला. अनयची मोजणी थांबली. मागे कुंदा खोक्यावरून उठल्याचा आवाज झाला, पण तिने हाक मारली नाही, आणि श्यामसुंदरनेही वळून पाहिलं नाही. वळला असता तर पुढचं सांगता आलं नसतं.

"साहेब," अंबादास म्हणाला. मशीनपासून तो लांब गेला असावा, कारण धडधड कमी झाली होती. "संपादक म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग नुसतं 'संपादक' ठेवू? वाचणाऱ्याला लगेच कळत नाही, कोण ते."

"नाव टाक," श्यामसुंदर म्हणाला. "पूर्ण टाक. ठळक टाइपात."